फेटा सोफ्याखाली आहे

महाराष्ट्रात मांजर कोणी आणत नाही, ते येतं. एखाद्या पावसाळ्यात माळ्यावरून बारीक आवाज यायला लागतात, आजी वर न बघताच म्हणते, "व्यालीय वाटतं," आणि घरात मांजर असल्याचा ठराव बिनविरोध मंजूर होतो. त्याचं बारसं होत नाही. मांजरी असेल तर मनी, बोका असेल तर नुसता बोका. त्यांना दवाखाना नाही, वेगळं ताट नाही, वाढदिवस नाही. अगदीच नको झालं तर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायची पद्धत होती. सोडायला गेलेला माणूस वाटेत चहा पिऊन घरी पोचेपर्यंत मांजर ओट्याखाली हजर असायचं, अशी एक तरी कथा आमच्या सांगलीत घरोघरी सापडेल. कुठे राहायचं हे मांजर ठरवतं आणि आपल्याला ते नंतर कळतं.

अमेरिकेत ते आधी एक समिती ठरवते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मराठी माणसाला लागणारं बहुतेक सगळं इथे ओक ट्री रोडवर मिळतं. माळ्यावर आपणहून व्यालेली मांजरी तेवढी मिळत नाही. लेकीने कुत्रा, मांजर किंवा भाऊ, यांपैकी काहीही चालेल असं सांगून ठेवलं होतं. आम्ही खर्चाचा अंदाज घेऊन मधला पर्याय निवडला. घर शोधणाऱ्या प्राण्यांची पेटफाइंडर ही साइट १९९६ साली सुरू झाली तीही न्यू जर्सीतच, त्यामुळे प्रांताभिमान म्हणून तिथेच बघायला लागलो. बाकीच्या मांजरांचे फोटो पासपोर्टला चालतील असे होते. एकीच्या फोटोत मात्र धुण्याची टोपली होती आणि टोपलीत खूप आत दोन डोळे होते. खाली लिहिलं होतं: शांत, लाजाळू, वेळ द्यावा लागेल. विवाहमंडळाच्या जाहिराती वाचून तयार झालेल्या माझ्या नजरेला 'शांत' या शब्दामागे काय काय असतं ते ठाऊक होतं. पण लेकीचं ठरलं होतं. तिला त्या दोन डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे. मला टोपली जास्त आवडली होती.

मग अर्ज आला. मी या देशात शिकायला आलो, नोकरीला लागलो, घर घेतलं. यांपैकी कशालाही इतके प्रश्न नव्हते. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असल्यास मालकाचं पत्र. खिडक्यांना जाळ्या आहेत का? घर किती तास रिकामं असतं? कोणाला ॲलर्जी निघाली तर काय कराल? तुमच्या पश्चात मांजराचं कोण करेल? हा शेवटचा प्रश्न आमच्या विम्याच्या एजंटानेसुद्धा जरा आडून, चहा घेऊन झाल्यावर विचारला होता.

'यापूर्वी पाळलेल्या प्राण्यांचं पुढे काय झालं' यासाठी चार ओळी मोकळ्या होत्या. मी प्रामाणिकपणे लिहिलं की सांगलीची मनी तिसऱ्या बाळंतपणानंतर शेजारच्या वाड्यात राहायला गेली, पण दोन्ही घरांचे संबंध चांगले राहिले. 'नखं काढणार का' याला बायकोने आधी 'हो, दर रविवारी' असं लिहिलं होतं. नशिबाने तिने पाठवण्याआधी माहिती वाचली. इथे त्या शब्दाचा अर्थ नखं कापणं असा नसून प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच शस्त्रक्रियेने काढणं असा आहे. शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी घातली, आणि अशी बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. 'हो, दर रविवारी' हे उत्तर तसंच गेलं असतं तर आमच्या दारात पोलीस आले असते.

खरी अडचण पंधरा वर्षांची होती. मांजर पंधरा वर्षं सहज जगतं, तेवढी वर्षं तुम्ही त्याला सांभाळाल अशी लेखी हमी हवी होती. आता, माझा एचवनबी व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो. म्हणजे मी या देशात तीन वर्षांपुढे राहीन याची हमी अमेरिकेचं सरकार देत नाही, आणि मांजराला मी पंधरा वर्षांची द्यायची. मांजर जन्माने इथलं. त्याला रांग नाही, नूतनीकरण नाही. मी सही केली. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कशावरही सही करायची सवय असते.

प्राण्यांच्या बाबतीत हा देश आधीपासूनच असा आहे. हेन्री बर्ग नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी संस्था काढली. लहान मुलांचा छळ थांबवण्यासाठी तशी संस्था निघायला आणखी आठ वर्षं लागली, आणि तीही बर्ग यांच्या संस्थेचे वकील एलब्रिज गेरी यांच्या पुढाकाराने. आमच्या अर्जातही लेकीबद्दल एकच प्रश्न होता आणि तो मांजराच्या बाजूने होता: मूल शेपटी ओढतं का? आपल्याकडेही परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे. मांजरांवर तिथे उपचार होतात, पण लोकांनी नाव ठेवताना त्यांना काही जागा दिली नाही.

व्हिडिओवर घराची तपासणी झाली. लिलीची फुलं मांजराच्या मूत्रपिंडाला घातक म्हणून फुलदाणी बाहेर गेली. मग एका शनिवारी आम्ही रूट २०२ धरून फ्लेमिंग्टनच्या बाजूला, मांजर जिथे तात्पुरतं ठेवलं होतं त्या घरी गेलो. याला इथे फॉस्टर म्हणतात. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. घरात मांजरं किती हे विचारल्यावर "माझी की पाहुणी?" असं त्यांनी विचारलं. हिची आई एका हॉटेलच्या मागच्या शेडखाली व्यालेली. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हातात आलं तर माणसाळतं. ही त्यानंतर बऱ्याच उशिरा पिंजऱ्यात सापडली. भटक्या मांजरांना धरून, शस्त्रक्रिया करून परत सोडतात, त्यात हिचीही झाली आणि खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं गेलं. पण सोडायच्या वेळी ही फिसकारेना, ओरबाडेना, फक्त भिंतीला चिकटून राहिली. तेव्हा बाईंनी ठरवलं की ही जंगली नाही, भित्री आहे.

बाई पिल्लांच्या प्रत्येक वेतातल्या भावंडांना एका विषयावरची नावं देतात. या वेताचा विषय चीज. ब्री आणि चेडर पहिल्याच आठवड्यात गेले. गौडा नावाचा बोका, कर्नाटकातला वाटावा इतका धिप्पाड, तोही गेला. मागे राहिली ती फेटा. फोनवर आईला नाव सांगितलं तर ती म्हणाली, "कोल्हापुरी की पुणेरी?" पुणेरी पगडी असते, हे आम्ही तिला सांगत बसलो नाही.

दीडशे डॉलर, त्यात लस, शस्त्रक्रिया आणि कातडीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. पावती घेतली आणि बाईंनी सूचना सुरू केल्या. तिच्याकडे टक लावून बघू नका. तिला बोलावू नका. तिच्यावर वाकू नका, हात पुढे करू नका. ती बाहेर आलीच तर आनंद दाखवू नका. घरात ती नाहीच असं समजून वागा. आम्ही तिघे माना डोलावत होतो. बाईंना कुठे माहीत होतं की त्या हे सगळं मराठी माणसांना सांगताहेत?

आम्ही ज्या समाजात वाढलो तिथे पाहुण्याने "नको" म्हटलं की वाढायला सुरुवात होते. पानावर आडवा धरलेला हात ही जिलबी नक्की कुठे टाकायची याची खूण असते. "बस, बस" म्हणेपर्यंत आमटी, आणि "पोट भरलं" म्हटल्यावर मसालेभात. नव्या माणसाला चार प्रश्न विचारले नाहीत, जवळ बसवलं नाही, गालाला हात लावला नाही, तर त्याचा अपमान झाला असं आम्ही मानतो. एखाद्याला एकटं सोडणं ही आमच्याकडे शिक्षा आहे. तीच इथे औषध म्हणून लिहून दिलेली होती, आणि डोस रोजचा होता.

पहिले काही दिवस तिला खालच्या बाथरूममध्ये ठेवायचं होतं. लहान खोली, एक खोका, पाणी, खाणं आणि मातीचं तबक. या मातीचीही गंमत आहे. पूर्वी इथली माणसं मांजरासाठी घरात राख किंवा वाळू ठेवत. १९४७ साली मिशिगनमधल्या एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली. त्याने तिला कारखान्यातलं तेल टिपायची दाणेदार माती दिली. ती इतकी आवडली की त्याने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून पासष्ट सेंटला विकायला काढल्या. वाळू जवळपास फुकट मिळत असताना माती विकत कोण घेणार, असं दुकानदार म्हणाला. पुढे तो माणूस कोट्यधीश झाला. मी कृष्णाकाठचा. अख्खं बालपण मातीत गेलं आणि हे सुचलं मात्र मिशिगनच्या माणसाला.

बाथरूमचं दार उघडल्या दिवशी फेटा नाहीशी झाली. आम्ही पलंगाखाली बघितलं, ड्रायरच्या मागे बघितलं, देवघराचं कपाटही उघडलं. शेवटी पाहुण्यांच्या खोलीतला पलंग किंचित हलतोय असं लेकीच्या लक्षात आलं. इथे गादीखाली लाकडी चौकटीचा एक खोका असतो, त्याला खालून कापड ठोकलेलं असतं. ते कापड फाडून फेटा पलंगाच्या पोटात राहायला गेली होती. तिथून ती काही दिवसांनी सोफ्याखाली आली, ही आमच्या घरात प्रगती मानली गेली आणि आईला तातडीने कळवण्यात आली.

आई सांगलीहून रोज व्हिडिओ कॉल करते. "दाखव मांजर," म्हणते. आम्ही सोफा दाखवतो. "बारीक दिसतोय," असं ती एकदा म्हणाली. मांजर आडवं जाण्याबद्दल तिला आधी काळजी होती, ती लवकरच मिटली. आडवी जायला फेटा आधी बाहेर तर यायला हवी. खाण्याचा प्रश्न मात्र नाजूक होता. आमचं घर शाकाहारी. मांजराला वरणभात का चालत नाही याचं उत्तर मला द्यावं लागलं. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं बनत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. कमी पडलं तर हृदय निकामी होत जातं, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८७ साली दाखवून दिलं. आई ऐकत राहिली. मग मी सांगितलं की कांदा आणि लसूण मात्र मांजराला विषासारखे, अजिबात चालत नाहीत. तिचा चेहरा उजळला. "कांदा-लसूण नाही, पण मासे चालतात," ती म्हणाली, "म्हणजे सारस्वत आहे ती. असू दे." दूधही बंद, कारण मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना ते पचत नाही. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची म्हण आमच्या घरापुरती तरी बाद झाली.

मराठी माणसांत बातमी पोचायला वेळ लागत नाही. ती सोफ्याखाली आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मंडळातली दोन कुटुंबं "मांजर बघायला" आली. बाळ बघायला जातात तशी, हातात काहीतरी घेऊन. एकांनी चेंडू आणला होता, दुसऱ्यांनी बेसनाचे लाडू. ते आमच्यासाठी की तिच्यासाठी, हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. सगळे आळीपाळीने सोफ्यासमोर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावून आत बघायचे, आणि उठताना नकळत हात जोडायचे. "खूप गोड आहे हो," एक काकू म्हणाल्या. त्यांना मोबाईलच्या उजेडात एक मोजा दिसला होता. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि निघताना एका काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नक्की आहे ना?" मी त्यांना दत्तकपत्र दाखवलं.

रात्री मात्र घर तिचं असायचं. जुना बेबी मॉनिटर हॉलमध्ये लावून आम्ही अंथरुणातून बघत असू. पडद्यावर फेटा निवांत फिरायची, डायनिंग टेबलावर चढून कोणाची कुठली खुर्ची याचा अंदाज घ्यायची, देवघरासमोर बसायची, काकांनी आणलेल्या चेंडूला लाथ मारायची. खाली मुंडी पाताळ धुंडी! आम्ही मध्यरात्री एकमेकांना कोपराने ढोसत, श्वास रोखून स्वतःच्याच घराचं थेट प्रक्षेपण बघत होतो. घराचा हप्ता कोण भरतो हा प्रश्न माझ्या मनात यायचा, पण तो मोठ्याने विचारला असता तर ती पळाली असती.

फॉस्टरवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तिच्या खोलीत बसून मोठ्याने वाचा. काहीही वाचा, एका सुरात, तिच्याकडे न बघता. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात बर्क्स काउंटीच्या प्राणिगृहात २०१३ पासून शाळेतली मुलं येऊन मांजरांना पुस्तकं वाचून दाखवतात. मांजरांना माणसाच्या आवाजाची सवय होते आणि मुलांचं वाचन सुधारतं. हे ऐकताच बायकोच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखली.

आमची लेक रविवारी मराठी शाळेत जाते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या या शाळा अमेरिकेत गावोगावी आहेत, अभ्यासक्रमाला पुण्याच्या भारती विद्यापीठाची मान्यता आहे, आणि घरी रोज एक धडा मोठ्याने वाचायचा असतो. रोज त्यावरून भांडण होत असे. आता धडा वाचण्यासाठी सोफ्याजवळच्या सतरंजीवर बसायचं ठरलं. अडखळत, एका सुरात, कुठेही चढउतार न आणता वाचायचं, ही बाईंची अट तर लेक आधीपासूनच पाळत होती. पहिल्या धड्यांना सोफ्याखालून काही प्रतिसाद आला नाही. मग एक मिशी आली. मग नाक. 'आमची सहल' या निबंधाच्या दुसऱ्या परिच्छेदात एक पंजा आला आणि आम्ही स्वयंपाकघरात टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच खाली घेतले.

लेकीला एकदा ताप आला तेव्हा वाचायची पाळी माझ्यावर आली. मी सांगलीच्या बातम्या वाचल्या: महापालिकेची सभा, हळदीचे भाव, पाणीपुरवठ्याची निविदा. हळदीच्या भावाला फेटा पूर्ण बाहेर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि तंगडी वर करून अंग चाटायला लागली. माझ्या तोंडून "अगं बाई!" असं निघालं असतं. निघालं नाही. मी निविदेची शेवटची तारीख वाचत राहिलो. आयुष्यात मी कोणाकडे इतकं मनापासून दुर्लक्ष केलेलं नाही.

मराठी शाळेच्या शिक्षिका आता विचारतात, घरी कोण शिकवतं. लेकीचं वाचन सुधारलंय, जोडाक्षरंही न अडखळता येतात. फेटाचं मराठी तर उत्तम आहे. 'ये गं', 'नको', 'खाली उतर' यांना तिचा कान हलतो. दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत लाडाने बोलतात तेव्हा ती भिंतीकडे बघते. जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी २०१९ साली दाखवलं की मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांतून नीट वेगळं ओळखता येतं. हाक मारल्यावर येत का नाही, हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता.

आणखी एका अभ्यासाने माझं नुकसान केलं. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलं की मांजराकडे बघून डोळे बारीक करून सावकाश मिटले, तर मांजरही तसंच उत्तर देतं आणि अनोळखी माणसाजवळही यायला तयार होतं. मी रोज संध्याकाळी हे करतो. फेटा उत्तर देते. पण सवय लागली ती लागलीच. परवा ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मॅनेजर वार्षिक कामगिरीबद्दल बोलत असताना मी त्यांच्याकडे बघून सावकाश डोळे मिटले आणि उघडले, दोनदा. त्यांनी बोलणं थांबवून विचारलं, तब्येत बरी आहे ना. पगारवाढ नेहमीचीच झाली, ससेक्सच्या अभ्यासाचा तिथे उपयोग नाही.

तुम्ही एडिसनच्या बाजूला आलात तर जरूर या. आधी कळवलंत तर कांदेपोहे करू. मात्र मांजर बघायला आलोय असं दाखवू नका, सोफ्याच्या उजव्या टोकाला बसू नका, आणि ती तुमच्या पिशवीत जाऊन बसली तर आमच्याकडे बघून गप्प राहा. आणि घरी एखादं बाथरूम जास्तीचं असेल तर लक्षात ठेवा, इथे वसंतापासून पिल्लांचा हंगाम सुरू होतो आणि फॉस्टरवाल्यांना जागा पुरत नाही. तुमच्या काउंटीच्या शेल्टरला फोन करा. गोड पिल्लं लगेच जातात. टोपलीत आत बसलेली कोण आहे, ते आधी विचारा. अर्ज लांबलचक असतो, पण भरताना अडलंत तर मला सांगा, मला तो पाठ आहे.